पंक्चर न होणारा टायर

परवा नातवाने विचारलं, "आजोबा, रोडबाइकला पंक्चर न होणारा टायर कुठला?" अरे, तसा होताच की, भरीव रबराचा! फक्त हाडं खिळखिळी व्हायची. १८८८ साली बेलफास्टच्या डनलॉप या पशुवैद्याने हवेच्या टायरचं पेटंट घेतलं, अन् सुखाबरोबर पंक्चर आलं. त्यात टायर रिमला चिकटवलेला. १८९१ मध्ये मिशलँ बंधूंनी काढता-घालता येणारा टायर केला. तोच लावून शार्ल तेराँने त्या वर्षीची पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस, सुमारे १२०० किलोमीटरची शर्यत जिंकली. वाटेत पंक्चर झालंच, तरी भरीव टायरवाले मागेच!

नातवाला म्हटलं, आत संरक्षक पट्टी असलेला घे, थोडा जड पडेल. पण टायर काढायला शीक. बाभळीच्या काट्यांतून मी तीस वर्षं शाळेत गेलो, पिशवीत सोल्युशनची ट्यूब घेऊन.