बांध कोणाचा?

मराठीत ‘बांध’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. दोन शेतांमधली हद्द हा एक, आणि उतारावरून वाहणारे पाणी अडवण्यासाठी घातलेली मातीची किंवा दगडाची आडवी भिंत हा दुसरा. बोलण्यात हे अर्थ सुखाने एकत्र नांदतात. जमिनीवर मात्र त्या दोन रेषा एक होतीलच असे नाही. हद्द मालकी पाहून पडते, पाणी उतार पाहून वाहते. गेल्या पावणेदोनशे वर्षांत दख्खनच्या कोरडवाहू शेतातली माती राखण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांचे यशापयश बरेचसे या दोन रेषांच्या तंट्यावर ठरले, एवढेच आज मला मांडायचे आहे.

आपल्या बेळगाव जिल्ह्यात दोन्ही प्रकारची शेती एका दिवसात पाहता येते. पश्चिमेला खानापूरच्या डोंगरउतारावर पाऊस मुबलक. तिथे उतार पायऱ्यांसारखा तोडून, कडेला बांध घालून खाचर सपाट केल्याशिवाय भात उभेच राहत नाही. वरच्या खाचरातले पाणी खालच्यात उतरते, म्हणून वरच्याचा बांध फुटला की खालच्याचेही पीक जाते. अशा ठिकाणी शेजाऱ्याशी जमवून घ्यावेच लागते. सह्याद्रीच्या उत्तरेकडील आंबेगाव-जुन्नर भागात महादेव कोळी शेतकरी उतारावर दगडी बांध रचून भातखाचरे करतात. त्या कामाला ‘पडकई’ म्हणतात, आणि ते परंपरेने एकमेकांच्या शेतावर पाळीपाळीने जाऊन होत आले आहे.

पूर्वेला अथणीकडे गेले की चित्र पालटते. पाऊस थोडा, तोही लहरी. मुख्य पीक रब्बी ज्वारीचे, त्यामुळे पावसाळ्यात पुष्कळ रान उघडेच असते. ऐन जोराचा पाऊस अशा उघड्या जमिनीवर कोसळतो आणि वरचा सुपीक थर घेऊन ओढ्याला मिळतो. म्हणून देशावर ओघळीच्या आडवी ‘ताल’ घालण्याची जुनी रीत होती. तालीमागे दरवर्षी गाळ साचतो आणि काही वर्षांत तिथे गावातली चांगल्यापैकी जमीन तयार होते. मात्र ताल घालायला दगड, बैल, मनुष्यबळ आणि दम लागतो. फळ मिळेपर्यंत जमीन आपल्याच हाती राहील याची खात्रीही लागते. पडीक जमीन लागवडीस आणणाऱ्याला कौल देऊन सुरुवातीला हलका आणि पुढे चढत जाणारा सारा घेण्याची ‘इस्तावा’ पद्धत मराठी राज्यात होती, तिच्यामागे हीच जाण होती.

इंग्रजी अमलात १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांची जमीनमोजणी सुरू झाली. सारा तीस वर्षांसाठी ठरला, शेतांना सर्व्हे नंबर मिळाले, हद्दीवर दगड रोवले गेले. स्वतःच्या खर्चाने केलेल्या सुधारणेवर सारा वाढणार नाही, हे तत्त्व १८७९ च्या जमीन महसूल कायद्यातही आले. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही सोय मोठी होती. पण मोजणीचा हेतू साऱ्याचा होता. तिच्या नकाशात खातेदार दिसत होता, पाण्याची वाट दिसत नव्हती.

ही उणीव जोतीराव फुले यांच्या नजरेतून सुटली नाही. १८८३ साली पुरा झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी डोंगरावरून पालापाचोळ्याचे सत्त्व घेऊन येणाऱ्या पाण्याचा विचार केला आहे. सरकारने लष्करातील आणि पोलिसांतील रिकाम्या माणसांकडून जागोजाग ताली व बंधारे घालून घ्यावेत, म्हणजे पाणी शेतांत मुरून मग नदीनाल्यांना मिळेल, असे त्यांनी सुचवले. एकट्या कर्जबाजारी कुणब्याच्या आवाक्यातले हे काम नाही, हे त्यांनी ओळखले होते. सरकारने त्याच वर्षी जमीन सुधारणा कर्जाचा कायदा केला. त्यातून मिळणारी तगाई एकेका अर्जदाराला होती. पाणी मात्र अर्जदार पाहून वाहत नाही.

दरम्यान जमिनीचे तुकडे पडत होते. हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावाची पाहणी १९१७ साली प्रसिद्ध केली. १५६ खातेदारांची जमीन सातशेहून अधिक तुकड्यांत विखुरली होती. त्यांपैकी ४६३ तुकडे एकराच्या आतले आणि ११२ तर पाव एकराहूनही लहान होते. भावाभावांत वाटणी होताना वरची मुरमाड आणि खालची काळी दोन्ही सर्वांना मिळावी, म्हणून पट्टे उतारावरून खाली उभे पाडले जातात. न्यायाच्या दृष्टीने हे बिनचूक आहे. पण हद्दीचा बांध उताराच्या दिशेने गेला की त्याच्या कडेने पाणी अडण्याऐवजी धावू लागते. त्यातच पेरणीला चार तास जास्त मिळावेत म्हणून दोन्हीकडून बांध कोरले जातात.

शेतीविषयक शाही आयोगाचा अहवाल १९२८ साली आला आणि १९३३ नंतर कोरडवाहू शेतीची संशोधन केंद्रे निघाली. सोलापूर आणि विजापूर मुंबई इलाख्यात, रायचूर निजामाच्या राज्यात. सोलापूरच्या कामात ना. वि. कानिटकर अग्रभागी होते. तिथून पुढे आलेल्या ‘मुंबई पद्धती’त बांधबंदिस्ती, ठरावीक वर्षांनी खोल नांगरट, वेळेवर कुळवणी, रुंद अंतरावर विरळ पेरणी आणि कोळपणी यांची सांगड होती. बांध हा तिचा पाया होता. १९४२ साली मुंबई सरकारने जमीन सुधारणा योजनांचा कायदा केला. त्यात एकेका शेताऐवजी सलग क्षेत्राची योजना करण्याची आणि खर्च धारकांकडून वसूल करण्याची तरतूद होती. बेळगाव आणि विजापूर १९५६ पर्यंत मुंबई राज्यातच असल्याने आपल्याकडचे समपातळी बांधही याच कायद्याची देणगी आहेत.

आता सरकारने पाण्याची रेषा धरली, आणि तंटा दुसऱ्या बाजूने उभा राहिला. समपातळी बांध वळणे घेत शेतांच्या मधून गेले. कोणाचे रान तिरके कापले गेले, कोणाला औत वळवायला जागा उरली नाही. भारी काळ्या जमिनीत बांधामागे पाणी तुंबून पीक पिवळे पडे, आणि उन्हाळ्यात भेगाळलेला बांध पहिल्याच मोठ्या पावसात फुटे. १९७२ च्या दुष्काळात रोजगारासाठी लाखो हात याच कामाला लागले. मजुरांच्या चुली पेटल्या, हे त्याचे मोठेच श्रेय आहे. पण सांडवा नीट न काढलेला किंवा मालकाला नको असलेला बांध पुढे नांगराखाली गेला. त्याच वर्षी हैदराबादजवळ पाटणचेरू येथे स्थापन झालेल्या इक्रिसॅट संस्थेने भारी जमिनीसाठी रुंद वाफे आणि हलक्या उताराच्या सऱ्या सुचवल्या, त्या पाणी कोंडण्याऐवजी सावकाश बाहेर काढण्यासाठी. माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणलोट एकत्र धरून काम करण्याचा विचार नंतर रुजला. पडकई करणाऱ्यांना तो नवा वाटला नसता.

या इतिहासातून निघणारे सूत्र साधे आहे. बांध पाण्याच्या रेषेवर हवा, आणि तो ज्यांच्या रानातून जातो त्यांना आपला वाटायला हवा. पहिली गोष्ट हुकमाने साधते, दुसरी साधत नाही.

आपल्यापैकी अनेक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या शहरात आहेत आणि गावाकडची जमीन वर्षाच्या बोलीने दुसरा कोणी कसतो. एका वर्षाची हमी असलेला माणूस दहा वर्षांनी फळ देणारा बांध का घालील? तेव्हा खंडाची मुदत ठरवताना आणि वाटणीचे कागद करताना उताराचाही विचार व्हावा. पट्टे आडवे पाडता येतील आणि कमी कसाच्या वाट्याची भरपाई क्षेत्राने किंवा पैशाने करता येईल. ते जमत नसेल, तर जुनी ताल कोणा एकाच्या हिश्शात न घालता सामाईक ठेवून तिच्या दुरुस्तीचा खर्च कागदात लिहिता येईल. हद्दीचा दगड हलला तर मोजणी पुन्हा मागवता येते. वाहून गेलेली माती परत मागवण्याची सोय कोणत्याही कचेरीत नाही.