दोन आकड्यांची जबाबदारी

राल्फ नेडर यांचे 'अनसेफ ॲट एनी स्पीड' (१९६५) हे पुस्तक अमेरिकेतील ग्राहकचळवळीचा आधारग्रंथ मानले जाते. त्याचे पहिले प्रकरण शेवरोले कॉर्वेअर या मोटारीच्या सस्पेन्शनविषयी आहे.

१९६० च्या मॉडेलपासून आलेल्या या गाडीचे इंजिन मागे होते आणि मागची चाके झुलत्या आसांवर बसवलेली होती. वेगाने वळताना मागची बाजू उचलली गेली, की बाहेरचे चाक आत दुमडे, टायरची पकड सुटे आणि गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जाई. यावर उत्पादकाने योजलेला उपाय म्हणजे हवेचा दाब: चौरस इंचाला पुढे १५ पौंड, मागे २६. पुढचे टायर नरम असले, की वळणावर पुढची बाजू आधी सरकते आणि मागची सावरते. रचनेतील उणीव भरून काढण्याचे काम अशा रीतीने माहितीपुस्तिकेतील दोन आकड्यांमार्फत मालकावर सोपवले गेले. चारही चाकांत सारखी हवा भरली, की हा तोल बिघडे.

१९६५ च्या मॉडेलमध्ये मागचे सस्पेन्शन पूर्णपणे बदलले गेले. १९६६ मध्ये वाहन-सुरक्षेचा संघीय कायदा झाला. पुढे १९७२ च्या सरकारी अहवालाने, जुनी कॉर्वेअर समकालीन गाड्यांहून अधिक धोकादायक नव्हती, असा निर्वाळा दिला.

मग नेडर चुकले काय? एका गाडीपुरता त्यांचा आरोप कदाचित अतिरेकी ठरेल. परंतु वाहनातील धोका सांभाळायचा कोणी, चालकाने की निर्मात्याने, हा त्यांचा प्रश्न त्या अहवालाने निकालात निघत नाही.