तारांना कुलूप का लागले?

१९५४ मध्ये फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारला ट्रेमोलोची दांडी लाभली. (नाव चुकीचेच, बदलते ती सुराची उंची, आवाजाची तीव्रता नव्हे.) दांडी जोरात दाबून सोडली, की तारा मानेच्या टोकाशी, नटच्या खाचेत अडकत आणि मूळ सुरावर परतत नसत. दागिने घडवणाऱ्या फ्लॉइड रोझ यांनी त्या नटपाशीच पकडी आवळून तारा जखडल्या. १९७९ मध्ये पेटंट मिळाले. पण या कुलपाने नवीच अडचण आणली: ते लावताना सूर किंचित सरके आणि सुधारायचा तर पुन्हा उघडावे लागे. म्हणून पुढे ब्रिजवर सूक्ष्म जुळवणीचे स्क्रू आले. नवशिक्याने ते मध्यावर ठेवावेत आणि आधी खुंट्यांनीच सहाही तारा पुनःपुन्हा लावाव्यात. मागच्या स्प्रिंगांशी तोल असल्याने एक तार ताणली, की उरलेल्या पाच उतरतात. कुलूप सर्वांत शेवटी.