कोरोनाकाळात ऑपरेशने का थांबली आणि फोनवरून उपचारांना परवानगी कशी मिळाली?

20 मार्च 2020 रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने रुग्णालयांना तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलण्याची सूचना केली. हर्निया, मोतीबिंदू, गुडघेबदल अशी 'नंतर करू' म्हणता येण्यासारखी ऑपरेशने थांबली. खाटा, व्हेंटिलेटर आणि भूलतज्ज्ञ कोविड वॉर्डात हवे होते.

पण कारण तेवढेच नव्हते. मे 2020 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये 24 देशांतील 1128 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेच्या आगेमागे कोरोनाची लागण झालेल्या या रुग्णांपैकी 23.8 टक्के 30 दिवसांत दगावले. निम्म्याहून अधिक जणांना फुप्फुसांचा त्रास झाला. म्हणजे साधे ऑपरेशनही जिवावर बेतू शकत होते. म्हणूनच अनेक ठिकाणी ऑपरेशनआधी कोरोना चाचणी केली जाऊ लागली. लागण झाल्यास शक्यतो सात आठवडे थांबावे, असे 2021 मधील एका मोठ्या अभ्यासातून पुढे आले. जगभरात पहिल्या लाटेच्या 12 आठवड्यांत सुमारे 2 कोटी 84 लाख शस्त्रक्रिया रद्द होतील किंवा लांबतील, असा अंदाज बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या पुढाकारातील संशोधकांनी मांडला होता. हर्निया काही महिने थांबतो, कॅन्सरची गाठ थांबत नाही. खरा घोर त्या रुग्णांचा होता.

मग तपासणीचे काय? इथे महाराष्ट्रातील डॉक्टरांची अडचण वेगळीच होती. 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका डॉक्टर दांपत्याचा अटकपूर्व जामीन फेटाळला होता. त्यांच्या गैरहजेरीत फोनवरून औषधे सांगितली गेली आणि रुग्ण महिलेचा मृत्यू झाला, असे ते प्रकरण होते. तेव्हापासून फोनवर गोळी सांगायलाही अनेक डॉक्टर कचरत. टेलिमेडिसिनसाठी स्पष्ट नियमच नव्हते!

ते आले 25 मार्च 2020 रोजी, देशव्यापी लॉकडाऊनच्या पहिल्याच दिवशी. नोंदणीकृत डॉक्टरांना व्हिडिओ, फोन किंवा चॅटवरून सल्ला देण्याची मुभा मिळाली. प्रिस्क्रिप्शनवर नोंदणी क्रमांक आवश्यक ठरला. रुग्णाने स्वतः फोन केला, तर त्याची संमती गृहीत धरली जाते. काही औषधे पहिल्यांदा देताना व्हिडिओवर पाहणे बंधनकारक आहे, तर अमली पदार्थांच्या वर्गातील औषधे या मार्गाने लिहून देता येत नाहीत. एप्रिलमध्ये सरकारची मोफत 'ई-संजीवनी ओपीडी' सुरू झाली. फेब्रुवारी 2023 पर्यंत ई-संजीवनीवरील सल्ल्यांची संख्या 10 कोटींवर गेली.

शस्त्रक्रियेत टेलिमेडिसिनचा उपयोग अर्थातच ऑपरेशनच्या आधी आणि नंतर. जुने रिपोर्ट पाहणे, औषधे बदलणे, टाक्यांचा फोटो पाहून जखम भरतेय का ते सांगणे, एवढे मोबाइलवर होते. पोट दाबून पाहणे होत नाही. जखमेतून पू येत असेल, ताप चढला असेल किंवा रक्तस्राव थांबत नसेल, तर फोटो पाठवत बसू नये; थेट रुग्णालय गाठावे.