सावित्रीच्या दोन काठांवरून

आमच्या मोहल्ल्यात घरातली वडीलधारी माणसे 'वजीफा' म्हणत, शाळेतले गुरुजी 'शिष्यवृत्ती' म्हणत आणि अर्ज भरणारी मुले 'स्कॉलरशिप'. एकाच गोष्टीला तीन नावे होती, पण एकाही नावाने पैसे वेळेवर हाती पडल्याचे आम्हाला फारसे आठवत नाही. तरीही या वजीफ्याचा इतिहास लिहायला हवा, कारण त्यातले एक महत्त्वाचे पान आमच्या म्हसळा तालुक्याच्या नावावर आहे आणि ते आपल्याच मुलांना माहीत नाही.

सुरुवात १८८२ पासून करावी लागते. त्या वर्षी नेमलेल्या हंटर शिक्षण आयोगाने मुसलमानांच्या शिक्षणाचा वेगळा विचार केला. प्राथमिक शाळेतून मिडल स्कूलमध्ये, तिथून हायस्कुलात आणि मॅट्रिकनंतर कॉलेजात जाणाऱ्या मुसलमान मुलांसाठी पायरीपायरीने खास शिष्यवृत्त्या असाव्यात, सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळांत त्यांच्यासाठी काही नादारीच्या जागा राखून ठेवाव्यात, अशा शिफारशी त्याने केल्या. मुंबईत त्याआधीच, १८७४ मध्ये, बदरुद्दीन तय्यबजी, कमरुद्दीन तय्यबजी आणि आपले कोकणी नाखुदा महंमद अली रोगे यांनी इतरांच्या साथीने अंजुमन-ए-इस्लाम स्थापन केली होती. पण म्हसळा तेव्हा ब्रिटिश मुलखात नव्हते, जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबांच्या संस्थानात होते आणि १९४८ पर्यंत तिथेच राहिले. मॅट्रिकच्या पुढे शिकायचे तर मुंबई गाठावी लागे. मुंबईला जाणाऱ्या मुलापुढे कॉलेजच्या दाराआधी गोदीचे दार येई, आणि गोदीत पहिल्या महिन्यापासून पगार मिळे.

हंटरनंतर १२४ वर्षांनी, नोव्हेंबर २००६ मध्ये, न्या. राजिंदर सच्चर समितीचा अहवाल आला. वीस वर्षांवरील मुसलमानांत पदवीधर किंवा पदविकाधारक चार टक्क्यांहूनही कमी, नामवंत महाविद्यालयांत पदवीच्या पंचवीस विद्यार्थ्यांत एक मुसलमान आणि पदव्युत्तर वर्गात पन्नासांत एक. हे आकडे त्या काळी आपल्या प्रत्येक सभेत वाचून दाखवले गेले. हंटर आयोगाची आठवण मात्र आम्ही एकाही सभेत ऐकली नाही.

त्याच वर्षी जानेवारीत केंद्रात अल्पसंख्याक मंत्रालय निघाले. त्याचे पहिले मंत्री बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले. जन्म १९२९, गाव आंबेत, तालुका म्हसळा. १९८० मध्ये ते राज्याचे मुख्यमंत्री झाले, प्रतिष्ठानाच्या देणग्यांच्या वादात जानेवारी १९८२ मध्ये ते पद गेले. त्यांच्याविषयी आपल्यात दोन टोकांची मते आहेत आणि ती राहोत. पण पदवी आणि त्यापुढच्या विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचणारी पोस्ट-मॅट्रिक शिष्यवृत्ती आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांची मेरिट-कम-मीन्स २००७ मध्ये, शाळकरी मुलांची प्री-मॅट्रिक २००८ मध्ये, या तिन्ही योजना ते मंत्री असतानाच सुरू झाल्या. तिन्हींत तीस टक्के वाटा मुलींसाठी राखला होता.

आता आंबेतच्या काठावर उभे राहून सावित्रीपलीकडे पाहावे. समोर म्हाप्रळ, म्हणजे रत्नागिरी जिल्ह्याचा मंडणगड तालुका. त्याच तालुक्यात आंबडवे आहे, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये अमेरिकेला गेलेल्या या माणसाला शिष्यवृत्तीची किंमत आणि तिच्यातली लाचारी दोन्ही ठाऊक होती. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ मध्ये सुरू झाली, तेव्हा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते आणि तिच्यामागे त्यांचाच पाठपुरावा होता. एका नदीच्या दोन काठांवरच्या दोन बॅरिस्टरांचे नाव देशातल्या दोन मोठ्या शिष्यवृत्त्यांशी जोडले गेले आहे. पाठ्यपुस्तकात हे कुठेच सापडणार नाही.

दोन्हींत फरक आहे, आणि तो लहान नाही. अनुसूचित जातींच्या योजनेत अटी पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला शिष्यवृत्ती मिळावी, असे तत्त्व आहे. अल्पसंख्याकांच्या योजनेत संख्या आधी ठरली, लोकसंख्येच्या प्रमाणात राज्यांना वाटून दिली गेली आणि ती भरली की पात्र मुलेही बाहेर राहत. पहिली हक्काच्या वळणाची आणि दुसरी कोट्याची. आपल्या नेत्यांनी रक्कम वाढवून मागितली, हा फरक मिटवा असे म्हणणारे थोडे निघाले.

अर्ज भरण्याचे दिवस आम्हाला चांगले आठवतात. सुरुवातीला पालकाच्या उत्पन्नासाठी स्टॅम्प पेपर लागे. रोजंदारीवर जाणारा बाप एक दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याला यायचा. एका मुलीचा अर्ज परत आला, कारण शाळेच्या दाखल्यावर आडनाव होते आणि रेशनकार्डावर फक्त वडिलांचे आणि आजोबांचे नाव. ती दुसऱ्या खेपेला आलीच नाही. दुसरी अडचण आखाताची. सत्तरच्या दशकापासून कोकणातली माणसे आखातात गेली, गावात स्लॅबची घरे उभी राहिली. नोकरी सुटून बाप परत येतो, घर तसेच राहते, आणि दाखला मागायला गेले की समोरचा माणूस घराकडे बोट दाखवतो. आमच्याकडची गरिबी पुष्कळदा रंगवलेल्या भिंतीआड असते. शेजारच्या कुणबी वाडीत किंवा आदिवासींच्या कातकरवाडीत ती उघडी दिसते, एवढाच फरक.

आणि मग अंतर. पोस्ट-मॅट्रिकच्या नंतरच्या दरांनुसार पदवीच्या विद्यार्थ्याला वसतिगृहात राहिल्यास महिना ५७० रुपये आणि घरून ये-जा केल्यास ३०० रुपये निर्वाहभत्ता होता. म्हसळ्याहून घोणसे घाट ओलांडून माणगावला रोज जाऊन येणाऱ्याने त्या तीनशेत एसटीचा पास काढावा, चहा प्यावा की पुस्तक घ्यावे? मुंबईत ५७० रुपयांत खाट तरी मिळते का? फी माफ करणारे सरकार यशवंतराव चव्हाणांच्या काळापासून आहे, ईबीसीचा अर्ज आपल्या आधीच्या पिढीनेही भरला. फी हा खर्चाचा लहान भाग होता. शाहू महाराजांना हे विसाव्या शतकाच्या आरंभीच कळले होते. १९०६ मध्ये मोहमेडन एज्युकेशन सोसायटी काढून त्यांनी कोल्हापुरात मुस्लिम बोर्डिंग उभे करण्याचा मार्ग धरला. आधी अंथरूण आणि जेवण, मग फी, असा तो क्रम. म्हसळ्यातच वसंतराव नाईक महाविद्यालय झाले, तेव्हा आसपासच्या गावांतल्या मुली पदवीपर्यंत जाऊ लागल्या, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. त्यांच्या शिक्षणाला वजीफ्यापेक्षा सकाळच्या एसटीने अधिक हातभार लावला असेल.

पुढचे अलीकडचे आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये पहिली ते आठवीची मुले प्री-मॅट्रिकमधून वगळली गेली, त्यांचे शिक्षण कायद्याने मोफतच आहे असे कारण देऊन. डिसेंबर २०२२ मध्ये मौलाना आझाद फेलोशिप बंद झाल्याचे संसदेत सांगण्यात आले. २०२३ मध्ये मंत्रालयाच्या तपासणीत १,५७२ संस्थांपैकी ८३० संस्था बोगस किंवा बंद निघाल्या आणि प्रकरण सीबीआयकडे गेले. सरकारवर टीका आम्हीही केली. पण कागदावरच्या शाळा काढून गरीब मुलांच्या नावावर पैसे उचलणारे आकाशातून पडले नव्हते. आपल्या मुलांचा हक्क खाणाऱ्यांविषयी आपल्या व्यासपीठांवर जी शांतता राहिली, ती आम्हाला जास्त बोचली.

आमच्याकडे गावागावाची मुंबई जमात असते. जकातीचे पैसे, आखातातून आलेली वर्गणी, रमजानातला हिशेब, सगळे वहीत नोंदलेले. आम्ही आमच्या जमातीच्या जुन्या वह्या चाळल्या. मशिदीचा रंग, कब्रस्तानची भिंत, लग्नाला मदत, आजारपण, आणि दरवर्षी न चुकता वह्यावाटप. कॉलेजच्या मुलाच्या राहण्याचा खर्च दोन ठिकाणी सापडला, दोन्ही वेळा 'कर्ज' म्हणून. मुलीचा एकदाही नाही.

यंदाच्या बैठकीत वह्यावाटपाची रक्कम एकमताने मंजूर झाली. मुंबईत शिकणाऱ्या मुलींसाठी एक खोली भाड्याने घेण्याचा विषय आम्ही मांडला, तो वेळेअभावी पुढच्या बैठकीवर गेला.