दैव, धरण आणि दोन मास्तर

११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनानगर हादरले, सुमारे १८० माणसे दगावली आणि पाटण तालुक्यात पडक्या घरांचा खच पडला, तेव्हा लोकांनी रीतीप्रमाणे दैवाला बोल लावला. दख्खनच्या काळ्या कातळाचा हा मुलूख भूकंपापासून निर्भय आहे, अशी शास्त्राचीही तोवर समजूत होती. परंतु पुढे शास्त्रज्ञांनी कोयना धरणाच्या १०३ मीटर उंचीच्या भिंतीने अडविलेल्या शिवाजीसागर जलाशयाकडे बोट दाखविले, जलाशयप्रेरित भूकंपाचा ठळक दाखला म्हणून कोयनेचे नाव जगभरच्या ग्रंथांत गेले, आणि दैवाच्या खाती पडलेली रक्कम अशा रीतीने माणसाच्या नावे वर्ग झाली.

या भूकंपाने मराठी चित्रपट बदलला, असा दावा मी करीत नाही. तथापि पुढच्या आठ वर्षांत त्यातील गंभीर कृतींनीही हाच खातेपालट केला, हे लक्षणीय आहे. १९७२ च्या ‘पिंजरा’त दिग्दर्शक व्ही. शांताराम यांनी रंगविलेला आदर्श मास्तर तमाशातील नर्तिकेच्या मोहाने ढळतो, भलत्याच प्रेताला गाव त्याचे प्रेत समजतो, त्याचा पुतळा उभारतो, आणि अखेर स्वतःच्याच खुनाच्या आरोपावरून तो न्यायासनासमोर उभा राहतो, तेथेही गावाचा आदर्श भंगू नये म्हणून तो मूक राहतो. योगायोगाची ही साखळी इतकी घट्ट विणली आहे, की प्रेक्षक हळहळतो, पण फिर्याद कोणावर करावी हे त्याला सुचत नाही.

दिग्दर्शक जब्बार पटेल व लेखक विजय तेंडुलकर यांचा, १९७५ च्या बर्लिन महोत्सवात गेलेला ‘सामना’ मात्र दैवाला साक्षीलाही बोलावीत नाही. मारुती कांबळे नावाचा माणूस नाहीसा झाला आहे. साखरसम्राट हिंदुराव, म्हणजे निळू फुले, यांच्या दबदब्याखाली सारा गाव गप्प आहे. आणि दारूने खंगलेला, स्वातंत्र्यलढ्यातून भ्रमनिरास घेऊन आलेला एक मास्तर त्या माणसाचे काय झाले, एवढेच पुनःपुन्हा विचारीत राहतो. दोन्ही मास्तर डॉ. श्रीराम लागूंनीच उभे केले. पहिल्याची निराशा त्याला मौनाकडे नेते, दुसऱ्याची चौकशीकडे.

या दुसऱ्या मास्तरासारखेच, धरणात जमिनी गेलेले कोयनेचे धरणग्रस्तही पुढे कित्येक दशके जमिनीच्या हक्कासाठी सरकारी दफ्तरांचे उंबरठे झिजवीत राहिले. ‘पिंजरा’ अधिक देखणा आहे, हे मान्य. पण या धरणग्रस्तांच्या कामी येणारा प्रश्न ‘सामना’नेच विचारला, आणि म्हणून माझ्या लेखी तोच श्रेष्ठ.