एका यंत्राचे पांच हजार हात

शिळाप्रेस हा शब्द मराठी वाचकांना परका नाहीं. दगडावर स्निग्ध शाईनें अक्षर काढावयाचें, दगड ओला करावयाचा, वरून शाईचा रूळ फिरवावयाचा आणि कागद दाबावयाचा. शाई अक्षराला धरते, ओल्या दगडाला धरत नाहीं, आणि अक्षर कागदावर उमटतें. ही कला बव्हेरियांतील आलोइस झेनेफेल्डर यानें १७९६ च्या सुमारास शोधून काढली. मुंबईंत गणपत कृष्णाजी यांनीं आपल्या छापखान्याचा आरंभ शिळाप्रेसवरच केला. या कामाला लागणारा उत्तम दगड बव्हेरियांतील झोल्नहोफेन या गांवच्या खाणींतून निघे व तेथून दूरदूरच्या देशांत जाई.

आज मोबाइलच्या पोटांत जी सिलिकॉनची चिप असते, तिच्यावरील नक्षी उमटविण्याच्या क्रियेला अद्यापि तेंच नांव आहे : लिथोग्राफी, म्हणजे शिळामुद्रण. दगडाच्या जागीं सिलिकॉनची चकती आली आणि शाईच्या जागीं प्रकाश आला. या मुद्रणाचें अत्यंत सूक्ष्म काम करणारें यंत्र आज जगांत एकच कंपनी विकते. ती हॉलंडांतील फेल्डहोवन या लहान शहरांतील एएसएमएल होय. हें यंत्र कोणी केलें, असा प्रश्न केला तर या कंपनीचें नांव सांगतां येतें. परंतु तें उत्तर अपुरें आहे. पुरें उत्तर काय, तें आज पाहावयाचें आहे.

फेल्डहोवनच्या शेजारीं आइंडहोवन हें शहर आहे. तेथें १८९१ सालीं खेरार्ड फिलिप्स यानें आपल्या वडिलांच्या भांडवलावर विजेच्या दिव्यांचा कारखाना काढला. दिव्यांतून रेडिओ निघाला, आणि १९१४ सालीं स्थापिलेल्या प्रयोगशाळेंतून पुढें अनेक नव्या वस्तु निघाल्या. चकतीवर नक्षीची प्रतिमा पुनःपुन्हां उमटविणारें यंत्रही १९७० नंतरच्या दशकांत त्याच प्रयोगशाळेंत तयार झालें. परंतु फिलिप्सला तें विकण्याचा उत्साह नव्हता. अखेर १९८४ सालीं आर्तुर देल प्रादो यांच्या एएसएम इंटरनॅशनल या कंपनीबरोबर भागी करून एक नवी कंपनी काढण्यांत आली. तिचें पहिलें बिऱ्हाड फिलिप्सच्या आवारांतील लाकडी कोठड्यांत होतें. समोर निकॉन व कॅनन हे जपानी प्रतिस्पर्धी उभे होते, आणि ते कॅमेऱ्याच्या भिंगांत मुरलेले होते.

नव्या कंपनीपाशीं ना भिंगें घडविण्याची विद्या होती, ना तसे कारखाने उभारण्यास पैसा. तेव्हां तिनें एक मार्ग पत्करला. यंत्राची रचना व जुळणी आपण करावी, आणि बहुतेक भाग ज्याला जें उत्तम येतें त्याच्याकडून करवून घ्यावे. हा निर्णय प्रथम गरजेपोटीं झाला. पुढें तोच तिचा धर्म ठरला. आज तिला माल व सेवा पुरविणाऱ्यांची संख्या सुमारें ५,००० आहे.

त्यांतील सर्वांत महत्त्वाच्या पुरवठादाराची हकीकत सांगण्यासारखी आहे. कार्ल झाइस यानें १८४६ सालीं जर्मनींतील येना येथें एक लहान कार्यशाळा काढली. तेथें सूक्ष्मदर्शकें होऊं लागलीं. पुढें अर्न्स्ट अबे या पदार्थवैज्ञानिकानें भिंगांच्या घडणीला गणिताची बैठक दिली, आणि ऑटो शॉट यानें त्यांना लागणारी नवी कांच तयार केली. कारागीर, गणिती व कांचवाला असे तिघे एकत्र आले आणि येनाचें नांव जगभर झालें. झाइसच्या मृत्यूनंतर अबेनें १८८९ सालीं एक प्रतिष्ठान स्थापून कारखाना त्याच्या हवालीं केला. १९०० सालीं तेथें आठ तासांचा कामाचा दिवस सुरू झाला. यांत दया होती, तसा व्यवहारही होता. भिंग घासणारा हात तयार होण्यास वर्षें लागतात, आणि असा हात एकदां गेला म्हणजे तो पैशानें परत येत नाहीं.

याचा प्रत्यय १९४५ सालीं आला. एप्रिलमध्यें अमेरिकन सैन्य येना येथें पोंचलें. तो प्रदेश लवकरच रशियाच्या ताब्यांत जावयाचा होता. तो सोडतांना अमेरिकनांनीं झाइस व शॉट येथील निवडक माणसें पश्चिमेकडे नेलीं. मागें राहिलेल्या कारखान्यांतील यंत्रें पुढें रशियानें उचलून नेलीं. पश्चिमेकडे आलेल्या माणसांनीं १९४६ सालीं ओबरकोखेन या खेडेवजा गांवीं नवा कारखाना मांडला. आज फेल्डहोवनच्या यंत्रांतील भिंगें व आरसे येतात ते त्याच ओबरकोखेनहून.

आतां त्या सूक्ष्म यंत्राचें कार्य पाहूं. नक्षी जितकी बारीक, तितकी प्रकाशाची लहर आंखूड हवी. या यंत्रांतील प्रकाशाची लहर १३.५ नॅनोमीटर आहे. म्हणजे मिलिमीटराचे दहा लाख भाग केल्यास त्यांतील साडेतेरा. हा प्रकाश हवेंत शोषला जातो आणि कांचेंतही शोषला जातो. म्हणून यंत्राच्या आंत निर्वात पोकळी ठेवावी लागते, आणि भिंगांऐवजीं आरसे वापरावे लागतात. हा आरसा जर्मनी देशाएवढा वाढविला, तरी त्यावरील उंचवटा मिलिमीटराच्या दशांशाहून अधिक भरणार नाहीं, असें त्याचें वर्णन करतात. प्रकाश उत्पन्न करण्याकरितां वितळलेल्या कथिलाचे थेंब सेकंदाला ५०,००० या वेगानें सोडतात, आणि प्रत्येक थेंबावर लेसरचे आघात करतात. तो लेसर जर्मनींतील ट्रुम्फ कंपनीचा. थेंबाची व प्रकाशाची व्यवस्था अमेरिकेंतील सॅन डिएगोच्या सायमर कंपनीची. ही सायमर २०१३ सालीं एएसएमएलनें विकत घेतली.

या मार्गाचा आरंभ जपानांत हिरोओ किनोशिता यांच्या प्रयोगांनीं १९८६ च्या सुमारास झाला. १९९७ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रयोगशाळा व इंटेल यांनीं त्यावर एकत्र काम केलें. पहिलीं प्रायोगिक यंत्रें २००६ सालीं बाहेर पडलीं, आणि मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू होण्यास २०१९ उजाडलें. इतका काळ धीर धरणें एका कंपनीच्या आवांक्याबाहेरचें होतें. म्हणून २०१२ सालीं तिच्या ग्राहकांनींच, म्हणजे इंटेल, तैवानची टीएसएमसी व कोरियाची सॅमसंग यांनीं, तिचे भाग विकत घेऊन संशोधनाला पैसा पुरविला. गिऱ्हाइकानेंच दुकानदाराला भांडवल द्यावें, असा हा प्रकार होता.

परंतु साखळी जितकी लांब, तितक्या तिच्या कड्या अधिक. डिसेंबर २०१८ मध्यें आइंडहोवनजवळील प्रोड्राइव्ह या पुरवठादाराच्या कारखान्यास आग लागली, आणि पुढील वर्षाच्या आरंभीं यंत्रें रवाना होण्यास विलंब झाला. जानेवारी २०२२ मध्यें कंपनीच्याच बर्लिन येथील कारखान्यांत आग लागली. त्याच वर्षीं युक्रेनचें युद्ध पेटलें. या धंद्यांतील लेसरांना लागणाऱ्या शुद्ध निऑन वायूचा जगाच्या गरजेपैकीं सुमारें निम्मा भाग मारियुपोल व ओडेसा या दोन शहरांतून येत असे. तो एकाएकीं थांबला. तसेंच, ज्याच्या हातीं कडी आहे त्याला ती आंवळतांही येते. २०१९ पासून हॉलंडच्या सरकारनें हीं अतिसूक्ष्म यंत्रें चीनला पाठविण्याचा परवाना दिलेला नाहीं.

म्हणून या धंद्यांत ज्याला पुरवठा-व्यवस्थापन म्हणतात, तें केवळ स्वस्त माल विकत घेण्याचें काम नव्हे. खरेदी करणाऱ्याला नकाशा वाचतां यावा लागतो, पुरवठादाराच्या कारखान्यांत जाऊन दोष कोठें उत्पन्न होतो हें पाहावें लागतें, आणि एक कारखाना बंद पडला तर दुसरा कोणता, याचा विचार आधीं करून ठेवावा लागतो. चिपची मागणी थोडी उतरली कीं यंत्रांची मागणी फार उतरते; अशा मंदींत लहान पुरवठादार बुडूं न देणें हेंही त्याचेंच काम.

एक यंत्र पाठविण्यास सुमारें ४० मोठ्या पेट्या व तीन मालवाहू विमानें लागतात. यंत्र फेल्डहोवन येथें जुळवून तपासतात, पुन्हां सोडवितात, आणि तैवानांत किंवा कोरियांत पुन्हां उभें करतात. तेथें त्याची निगा राखणारे अभियंते मुक्काम करून राहतात. या कंपनींत ४०,००० हून अधिक माणसें आहेत. त्यांत पदार्थवैज्ञानिक आहेत, तसे फिटर, जोडारी, पेट्या बांधणारे व जकातीचे कागद सांभाळणारेही आहेत.

आपल्या देशांतही हें दार उघडूं लागलें आहे. मार्च २०२४ मध्यें गुजराथेंत धोलेरा येथें टाटांच्या चिप-कारखान्याची कोनशिला बसली. अमेरिकेची लॅम रिसर्च ही यंत्रें करणारी कंपनी. भारतांतील ६०,००० अभियंत्यांना शिक्षण देण्याची योजना तिनें २०२३ सालीं जाहीर केली. मुलाला या क्षेत्रांत जावयाचें आहे असें तो म्हणाला, तर सुशिक्षित घरांतून पहिला प्रश्न पदवीचा निघतो. पदवी हवीच. परंतु माझें सर्व आयुष्य वर्गांत गेलें, आणि तेथें एक गोष्ट वारंवार दिसली : जो मुलगा कानस धरण्यांत रमे, त्याची घरांत थोडी लाज वाटे. येनाच्या कारखान्यांत गणिती व भिंग घासणारा एकाच छपराखालीं होते, आणि त्यांतून निघालेली विद्या दीडशें वर्षांनीं सिलिकॉनच्या चकतीवर नक्षी काढीत आहे. आपल्या मुलांपैकीं कोणी उद्यां या साखळीची एखादी लहान कडी झाला, तर ती लहान आहे म्हणून तिला कमी लेखूं नये. ती निखळली म्हणजे काय होतें, हें आतांच आपण पाहिलें.